चेंडू कुणाचा, पाय कुणाचा : बाइक पोलोच्या नियमांचा अर्थ कसा लावावा

सायकल पोलो मुळात गवतावरचा. १८९१ मध्ये आयर्लंडात रिचर्ड मेक्रेडी यांनी तो सुरू केला, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रदर्शनीय सामनाही झाला. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धा अजून गवतावरच होतात. पण नव्वदीच्या अखेरीस सिएटलच्या सायकल-कुरिअर पोरांनी दोन डिलिव्हरींमधल्या रिकाम्या वेळात तो डांबरावर आणला आणि तिथून अर्थ लावणाऱ्यांचे सुगीचे दिवस आले.

या डांबरी खेळाचे नियम मोजकेच आहेत. एका बाजूला तीन गडी. जमिनीला पाय लागला की तो ‘डॅब’. मग मैदानाच्या मध्यरेषेवर जाऊन ठरलेल्या जागी मॅलेट, म्हणजे चेंडू मारायची काठी, टेकवून यायचं आणि तोवर खेळात नाक खुपसायचं नाही. प्रश्न एवढाच, की पाय लागला कुणी म्हणायचं? होतकरू भाष्यकाराने इथे बुटाचा तळ आणि बुटाचं टोक यांत फरक करायला शिकावं. ‘लागला नाही, घासला’ हा बचाव पहिल्या वेळी शांतपणे मांडावा. दुसऱ्या वेळी प्रेक्षक हसतात. मॅलेट जमिनीत रोवून तोल सावरायला मात्र मुभा आहे, तेव्हा नशीब फिरायच्या आत हात खाली न्यावा.

खरी मेख मॅलेटच्या डोक्यात आहे. ते डोकं म्हणजे जाड प्लास्टिकच्या नळीचा तुकडा. गोल मोजायचा असेल तर चेंडू नळीच्या टोकाने मारलेला हवा. आडव्या अंगाने ढकलला तर तो ‘शफल’. पास द्यायला शफल चालतो, गोल करायला नाही. आता चेंडू वेगात, सायकल तिरपी, मनगट वळलेलं आणि मध्ये दोन चाकांचे आरे. टोक लागलं की कूस, हे दिसायला पंचाला देवाचे डोळे लागतात. तुम्ही गोल केला असेल तर ताबडतोब हात वर करून मध्यरेषेकडे निघावं. गोल खाल्ला असेल तर जागचं हलू नये आणि ‘शफल!’ असं एकदाच, दुःखी आवाजात म्हणावं. ओरडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

नळीच्या पोकळ तोंडाखाली चेंडू दाबून ओढत नेणारेही भेटतात. आपला माणूस असेल तर त्याला कसब म्हणावं.

अंगाला अंग, सायकलला सायकल, मॅलेटला मॅलेट, एवढीच धडक चालते. समोरच्याच्या आऱ्यांत मॅलेट गेलं तर ‘चेंडू तिथेच होता’ म्हणून भागत नाही. चेंडू जातो, आणि गुन्हा मोठा असेल तर एक गडी काही वेळ बाहेर. बाहेर बसलेल्याने नियमावली वाचू नये, संताप वाढतो.

पुढच्या सामन्याला पंच म्हणून तुम्हालाच उभं केलं, तर हे सगळं उलटं वाचावं. शफल म्हणजे शफल, त्यात बघायचंय काय?