टॉप मॉडेल मालगुंडात

गणपतीला मालगुंडात आलेल्या चाकरमान्याला 'गाडी कुठली?' विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'टॉप मॉडेल ना?' मारुती असो की मर्सिडीज, त्यातून सुटका नाही.

छोट्या आलिशान सेडानचा निम्मा धंदा याच प्रश्नावर चालतो. संभाजीनगरात जुळणी होणाऱ्या ऑडी ए ४ च्या पायऱ्या होत्या प्रीमियम, प्रीमियम प्लस आणि टेक्नॉलॉजी. सर्वांत खालचीसुद्धा प्रीमियमच. साधी म्हणवून घ्यायला तिथे कोणी राजी नाही. हापूसच्या पेटीचंही असंच, खोका तोच, आत चार डझन की सहा यावर भाव. पण आंब्याचा निदान वास घेऊन बघता येतो.

मर्सिडीजने मार्च २०२१ मध्ये चाकणला जुळवलेली ए-क्लास लिमोझिन आणली. तेव्हा शोरूमचा भाव पेट्रोलच्या ए २०० ला ३९.९० लाख, डिझेलला लाखभर जास्त, आणि एएमजी ए ३५ ला थेट ५६.२४ लाख. ए २०० चं इंजिन १.३ लिटरचं, रेनोबरोबर मिळून बनवलेलं. त्याच घराण्यातलं इंजिन आदल्या वर्षी डस्टरमध्येही आलं होतं. सोयरिकीच्या बैठकीत ही माहिती कुणी काढत नाही.

संभाजीनगरकरांनी, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादकरांनी, २०१० मध्ये एकगठ्ठा दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या. मालगुंडात एका गाडीच्या रंगावर भावकीचं एकमत होत नाही.

नाव लिमोझिन, लांबी जेमतेम साडेचार मीटर. जांभ्याच्या गडग्यांमधून वळताना तेवढीही जास्तच वाटते. एकदाची अंगणात लागली की मंडळी जमतात. आत सव्वादहा इंची दोन पडदे आणि रोषणाई ६४ रंगांची. एवढे रंग मखरालाही नसतात. आत्या डोकावून म्हणते, "हा दिवा रंग कशाला बदलतोय? वायरमनला दाखव हो." गाडीला हाक मारायची ती 'हे मर्सिडीज' अशी. काकांनी "ही मर्सिडीज कितीला पडली?" म्हणायचा अवकाश, पुतण्याच्या आधी गाडीच इंग्रजीत विचारते, काय सेवा करू? किंमत मात्र दोघंही सांगत नाहीत.

ए ३५ शंभरचा वेग ४.८ सेकंदांत गाठते. पण मालगुंडला येताना निवळी फाट्याला वळलं की पुढे एसटी असतेच. मग ए ३५ काय नि ए २०० काय, जाकादेवीला एसटीच्याच मागून पोचायचं. सोळा लाखांचा फरक कंडक्टरला दिसतही नाही.

"टपावर नारळाचं पोतं राहील ना?" काका विचारतात.

"टपाला काच आहे, काका. सनरूफ."

"मग काय उपयोग?" म्हणत काका पुढच्या सीटवर जाऊन बसतात. "एसी बंद कर आणि ही बाजूची काच खाली घे. नाक्यावरच्यांना कळायला नको, आत कोण बसलंय ते?"