कितीची गाडी?

आमची ही बँकेतून निवृत्त झाली आणि तिसऱ्याच दिवशी तिने जाहीर केलं, की तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत पाळणाघर काढायचं. डोंबिवलीत पाळणाघर काढायला मांडी घालून खाली बसता आलं आणि पुन्हा उठता आलं की पुरे, असा माझा समज होता. पण बातमी भाच्याला कळली. भाचा पुण्याला एमबीए झालाय. शनिवारी तो लॅपटॉप घेऊन हजर. "मामी, मार्केट रिसर्च झाल्याशिवाय एकही पाळणा हलवायचा नाही!"

आधी बत्तीस प्रश्नांचा गूगल फॉर्म निघाला आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला. ज्यांच्या घरी तान्हं मूल, त्यांना तो भरायला वेळ नव्हता. ज्यांना वेळ होता, त्यांची नातवंडं कॅनडात. एका काकांनी 'इतर सूचना' या रकान्यात पार्किंगबद्दल दीड पान लिहिलं. तरी पाय चार्ट व्हायचा तो झालाच. वातावरण कसं हवं? घरच्यासारखं. जेवण? घरच्यासारखं. फी? तीही बहुतेकांच्या मनात घरच्यासारखीच होती.

'मुख्य प्रतिस्पर्धी' या स्लाइडवर आजीचा फोटो होता, म्हणजे माझ्याच आईचा. बलस्थान: मोफत. उणीव: गुडघे. आपल्याला संधी: चारधाम यात्रा. आईने चष्मा लावून स्लाइड शेवटपर्यंत वाचली. त्या रात्री भाच्याच्या ताटात गुळाची पोळी एकच पडली.

पुढची स्लाइड कायद्याची. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पहिल्या दोन बाळंतपणांची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आईला दिवसातून चारदा बाळाकडे जायची मुभाही मिळाली. (त्यानंतर किती कचेऱ्या एकोणपन्नासाव्या माणसावर थबकल्या, यावर खरं संशोधन व्हायला हवं.) भाच्याने या कायद्याची नोंद 'धोका' म्हणून केली. ऑफिसातच सोय झाली तर मामीकडे कोण येणार?

"आणि बाळ ऑफिसात न्यायचं कसं?" हिने विचारलं. "सकाळच्या फास्टला लेडीज डब्यात पर्स पोटाशी धरायला जागा नसते." कायदा लिहिणाऱ्यांच्या कल्पनेतलं बाळ फोर्टातच राहत असावं.

मी ताराबाई मोडकांचं उदाहरण दिलं. १९४५ साली त्यांनी बोर्डीत काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा का येत नाहीत हे बघायला त्या पाड्यावर गेल्या आणि शाळाच त्यांच्या अंगणात नेऊन बसवली. यापेक्षा मोठा बाजार-अभ्यास कुठला? भाच्याने आदराने मान हलवली आणि विचारलं, "पण सॅम्पल साइझ?"

ही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या चाळीतल्या मावशींकडे जाऊन बसली. मावशी वीस-पंचवीस वर्षं मुलं सांभाळतायत. पाटी नाही, सीसीटीव्ही नाही. दारात चपलांचा ढीग, बस्स. नवीन आई आली की मावशी तिला दोनच गोष्टी विचारतात: "येतानाची गाडी कितीची, आणि ती चुकली तर न्यायला कोण?" पहिल्याचं उत्तर झटकन येतं. दुसऱ्याला जी आधी नवऱ्याचं नाव घेते आणि मग गप्प होते, तिच्या मुलाच्या वाटची खिचडी मावशी संध्याकाळच्या कुकरमध्येच धरतात. मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक रेल्वेतल्या लोकांनाही नसेल इतकं त्यांना पाठ.

२६ जुलै २००५ ला गाड्या बंद पडल्या तेव्हा त्यांच्याकडे सात मुलं होती. फोन लागत नव्हते. मावशींनी घरातल्या सगळ्या चादरी अंथरल्या आणि नवऱ्याला शेजाऱ्यांकडे झोपायला पाठवलं. एक बाळ आईच्या वासाशिवाय झोपेना, म्हणून आईची सकाळी विसरलेली ओढणी मावशींनी त्याच्याभोवती गुंडाळली. शेवटची आई तिसऱ्या दिवशी आली. बराचसा रस्ता चालत आली होती. मावशींनी आधी तिलाच जेवायला वाढलं, मूल नंतर दिलं.

हिच्याकडून हे ऐकताना भाचा टाइप करत होता. थांबला. "मामी, त्या तीन दिवसांची लेट फी किती लावली?"

हिने त्याच्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला उठली.

अहवाल पंधरवड्याने आला, छापून, स्पायरल बाइंडिंगसकट. निष्कर्ष असा, की मागणी आहे परंतु निर्णयापूर्वी आणखी संशोधन आवश्यक. त्याच सोमवारी सकाळी सव्वासातला एक मुलगी कडेवर बाळ, खांद्यावर दोन पिशव्या घेऊन दारात उभी राहिली. मावशींनी पाठवली होती. त्यांच्याकडे आता जागा नव्हती. माझ्या आईने बाळ घेतलंसुद्धा, प्रतिस्पर्धी असून.

"येताना कितीची गाडी?" हिने विचारलं.

आता सहा मुलं आहेत. अहवाल सत्तेचाळीस पानांचा, एका बाजूने छापलेला, त्यामुळे फार उपयोगी पडतो. कोऱ्या बाजूवर सध्या रोज गाड्या काढल्या जातात. बहुतेक गाड्यांना चाकं फार आणि दारं अजिबात नाहीत.