शेवटून पहिला

साताऱ्यातल्या आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात स्लो सायकलची शर्यत असे. पाय टेकला की बाद, आणि जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो पहिला. या शर्यतीत मी सलग तीन वर्षं सगळ्यांच्या आधी पोचलो. "जिथं बक्षीस नाही तिथं बरोब्बर पुढं," असं म्हणून वडिलांनी तो विषय संपवला होता. गेल्या वर्षी काशीत तो पुन्हा निघाला, आणि निघायला कारण झाली एक लाल रंगाची स्पोर्ट्स बाईक.

मी बनारसच्या रेल्वे इंजिन कारखान्यात नोकरी करतो. १९६४ साली इथून पहिलं डिझेल इंजिन बाहेर पडलं, ते २६०० अश्वशक्तीचं होतं. आता आम्ही विजेची इंजिनं बनवतो. त्यांतलं प्रवासी गाड्या ओढणारं डब्ल्यूएपी-७ हे ६३५० अश्वशक्तीचं. कारखान्याचं नावही २०२० मध्ये बदललं, 'डिझेल' जाऊन 'बनारस' आलं. रिक्षावाले मात्र अजून 'डीएलडब्ल्यू' म्हटल्याशिवाय वळत नाहीत. तर दिवसभर असल्या आकड्यांत वावरणाऱ्या माणसानं संध्याकाळी १७ अश्वशक्तीच्या मोटरसायकलवर बसून घरी जावं, यात काहीतरी कमीपणा आहे असं मला वाटायला लागलं. वय एकोणपन्नास. या वयात काहींना अध्यात्म सुचतं. मी काशीत असूनही मला सीसी सुचले.

तोवर मी कट्टर यामाहावाला. सांगलीला कॉलेजात असताना आरएक्स १००, म्हणजे ९८ सीसी, ११ अश्वशक्ती आणि सगळ्या गल्लीला कळेल असा आवाज. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, आणि आर१५ बाजारात आली त्याच्या पुढच्या वर्षी, २००९ साली, मी ती घेतली. ज्यांनी गाड्या केल्यात त्यांना ठाऊक असेल, कंपनी ही आपल्याकडं पसंतीची गोष्ट नसते, ती कुळाची असते. बुलेटवाले वेगळे, आरएक्सवाले वेगळे, येझदीवाले तर जवळजवळ वारकरी. एकमेकांच्या गाडीला नावं ठेवायची, पण रस्त्यात कुणी बंद पडलेला दिसला तर थांबायचं. मी दुसऱ्या कंपनीची गाडी घेतोय हे पुण्यातल्या जुन्या मित्रांना कळवलं, तेव्हा एकानं फोन करून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

मी एक्सेलमध्ये तक्ता केला. चौदा रकाने. घोडे, टॉर्क, वजन, स्लिपर क्लच, क्विकशिफ्टर, पुढच्या डिस्कचा व्यास. एक रकाना माझा स्वतःचा होता: दर टनामागे अश्वशक्ती. डब्ल्यूएपी-७ चं वजन १२३ टन, म्हणजे टनाला साधारण ५२ घोडे. नव्या गाडीचं वजन १७० किलो, माझं ८० (हा आकडा मी तक्त्यात जरा कमीच धरला होता), अश्वशक्ती ४२. म्हणजे टनाला १६८. अख्ख्या राजधानीच्या इंजिनाच्या तिपटीहून जास्त! बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "रंग बरा आहे."

कंपनीचं नाव सांगत नाही. पुढं जे झालं त्यात तिची काही चूक नाही.

गाडी आली त्या रविवारी मी ती दाखवायला दुर्गाघाटच्या काकांकडं निघालो. काका नात्यातले नाहीत, पण काशीत मराठी बोलणारा वडीलधारा माणूस भेटला की तो काकाच. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या पट्ट्यात अजून जुनी मराठी घरं आहेत. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातले गागाभट्ट १६७४ साली याच काशीहून रायगडावर राज्याभिषेकाला गेले, वाटेत त्यांना "किती देतं हो घोडं?" असं कुणी विचारलं नसावं. मला मात्र वसाहतीच्या फाटकापासून मैदागिनपर्यंत पाच जणांनी विचारलं. सिग्नलला शेजारी उभा राहिलेला एक पानवाला तर म्हणाला, "गुरु, ये बैठने का है कि लेटने का?"

मैदागिनपर्यंत ठीक चाललं होतं. मग भैरवनाथच्या बाजूनं मी गल्लीत शिरलो. काशीतली गल्ली म्हणजे खाली दगडी चौके, त्यावर पाणी, शेण आणि कुणाच्या तरी पूजेतली झेंडूची फुलं. दोन्ही बाजूंना घरांचे ओटे. स्पोर्ट्स बाईकचं हँडल आखूड आणि खाली असतं, ते वळतंही कमी. धावपट्टीवर शंभरच्या पुढं ते फार सोयीचं. काटकोनी वळणावर मात्र मला गाडी तीनदा मागंपुढं करावी लागली. तिसऱ्या वेळी वळणापलीकडं सांड उभा होता. काशीत काही गोष्टींपासून जपून राहावं अशी जुनी म्हण आहे, त्यांत सांडाचं नाव बरंच वर लागतं. पायऱ्यांचंही लागतं, आणि त्या माझ्या डाव्या हाताला होत्या.

सांड हलेना. मी हॉर्न दिला. त्यानं कान हलवला. मी रेस दिली. ४२ घोडे दोन्ही भिंतींवर आदळून परत आले, त्यानं दुसरा कान हलवला. मागं कुणीतरी आलं होतं, मागं बघायला मी मान वळवली, हात पुढच्या ब्रेकवर दाबला गेला, चाक झेंडूवरून घसरलं, आणि गाडी अतिशय सावकाश, जवळजवळ लाजत, एका ओट्यावर कलंडली. माझ्यासकट. वेग शून्य होता. शून्य वेगात पडणारा माणूस फार वेळ पडत असतो. पडता पडता ओट्यावरची म्हातारी पाय वर घेताना मला दिसली.

मागं दूधवाला होता. बनारसमध्ये दूधवाल्याला 'सरदार' म्हणतात. मडगार्डचा मूळ रंग ओळखू येणार नाही इतकी जुनी मोटरसायकल, दोन्ही बाजूंना दुधाचे दोन दोन डबे, वर एक कासंडी. गाडी स्टँडला लावून तो आला, माझी गाडी एका हिसक्यात उभी केली, इंडिकेटरचा तुकडा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "साहब, आप पैदल आइए." आणि बसला की माझ्या गाडीवर!

आयुष्यात असली गाडी त्यानं कधी चालवली नसणार. तरी मी पुढं दोन मिनिटं जे पाहिलं ते नीट सांगतो. त्यानं आधी क्लच दोनदा दाबून सोडला, नुसता, कुठं धरतो ते बघायला. मग रेस एका जागी आणली आणि पुढं ती हललीच नाही. कमीजास्त जे करायचं ते डाव्या हाताच्या दोन बोटांनी, अर्ध्या क्लचवर. उजवा पाय मागच्या ब्रेकवर हलका ठेवलेला, पुढच्या ब्रेकला हात नाही. आणि नजर? सांडाकडं नव्हती, चाकाकडं नव्हती, ओट्यावरच्या म्हातारीकडंही नव्हती. गल्ली जिथं उजळते त्या टोकाकडं होती. सांडाच्या पोटाला आरसा लागणार असं वाटलं तेव्हा त्यानं जिभेनं एक 'टक्' केलं, सांडानं शेपटी बाजूला घेतली आणि गाडी पलीकडं. पाय एकदाही टेकला नाही. मग तो चालत परत आला आणि आपले चार डबे घेऊन तसाच गेला. कासंडीतलं दूध हिंदकळलं नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. स्वतः ते पन्नास सीसीच्या लुनावर अजून चौखंबापर्यंत भाजी आणायला जातात. "अरे, तू गाडी इथपर्यंत आणलीसच कशाला? मैदागिनला उभी करायची आणि टहलत यायचं," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "आणि सांड किती अश्वशक्तीचा होता?" काकूंनी हसू लपवायला पोहे परतायला घेतले. परत जाताना काकांनी मुद्दाम मला शिंदे घाटावरून नेलं. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला तो घाट इतका भक्कम आणि जड होता की स्वतःच्याच वजनानं खचला; पुन्हा बांधावा लागला. काका काही बोलले नाहीत. फक्त तिथं जरा जास्त वेळ उभे राहिले.

त्या रात्री इंडिकेटरचा तुकडा टेबलावर ठेवून मी स्वतःची समजूत घालत बसलो, आणि मला रॉसी आठवला. व्हॅलेंटिनो रॉसी होंडावर २००१ ते २००३ सलग तीन वर्षं जगज्जेता झाला. लोक म्हणाले, गाडीच तशी आहे, कुणीही जिंकेल. हा गडी उठला आणि यामाहात गेला; त्या कंपनीला मोठ्या गटातलं विजेतेपद १९९२ नंतर मिळालं नव्हतं. १८ एप्रिल २००४, दक्षिण आफ्रिकेतलं वेल्कम. नव्या गाडीवरची पहिलीच शर्यत त्यानं सेकंदाच्या पाव हिश्श्याहून कमी फरकानं जिंकली. मग ट्रॅकच्या कडेला गाडी लावली, तिचा मुका घेतला आणि तिच्याशेजारी खाली मान घालून बसून राहिला. त्या वर्षीचं विजेतेपदही त्याचंच. हा किस्सा मी गेली वीस वर्षं यामाहाच्या बाजूनं सांगत आलो होतो. त्या रात्री प्रथमच लक्षात आलं, की तो यामाहाच्या बाजूचा नाहीच.

अर्थात मी इंजिनिअर आहे, पूर्ण किस्सा सांगणं भाग आहे. रॉसी एकटा गेला नव्हता, जेरेमी बर्जेस हा आपला मिस्त्री त्यानं सोबत नेला होता. आणि हाच रॉसी २०११ मध्ये डुकाटीवर गेला तेव्हा दोन वर्षांत एकही शर्यत जिंकू शकला नाही. त्याच वर्षी डुकाटी सोडून होंडावर गेलेला केसी स्टोनर जगज्जेता झाला; आणि स्टोनरनं २००७ मध्ये डुकाटीवरही विजेतेपद मिळवलं होतं. म्हणजे गाडीचं काही नसतं असंही नाही. जीटी रोडवर राजातालाबच्या पुढं एक कुत्रं आडवं आलं होतं, तेव्हा चाकं लॉक न होता गाडी थांबली ती एबीएसमुळं, माझ्या पुण्याईनं नव्हे. पण २०११ मध्येच हेरेसला भर पावसात रॉसी घसरला, स्टोनरला घेऊन पडला आणि नंतर हेल्मेटसकट माफी मागायला गेला. तेव्हा स्टोनर त्याला जे बोलला त्याचा मथितार्थ असा, की तुझी महत्त्वाकांक्षा तुझ्या कौशल्याच्या पुढं निघून गेली. सांडाला बोलता येत असतं, तर मला वेगळं काही म्हणाला नसता.

खरं तर हे मला कळायला रॉसीची गरज नव्हती. थांबलेली वीस-बावीस डब्यांची गाडी जागची हलवताना आमच्या इंजिनाचे ६३५० घोडे काही कामाचे नसतात. तिथं चाक आणि रूळ यांची पकड जेवढी, तेवढाच जोर चालतो. रूळ ओला असला आणि जास्त ताकद दिली की चाकं जागच्या जागी गरगरतात. म्हणून जगातल्या इतक्या आधुनिक इंजिनालाही चाकापुढं वाळू सोडायची एक नळी असते. साधी वाळू. जुने लोको पायलट थोडी वाळू, थोडा जोर, पुन्हा थोडी वाळू असं करत गाडी अशी उचलतात, की डब्यातल्या चहाला कळत नाही. हे मी नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये वर्षानुवर्षं शिकवत आलोय. स्वतः मात्र एक्सेलमध्ये पकडीचा रकाना घातला नव्हता.

सरदाराला शोधून काढायला वेळ लागला नाही; त्याचं गाव मडुवाडीहच्या पलीकडं, सकाळचं दूध टाकून तो आमच्या वसाहतीवरूनच परततो. मी त्याला थांबवून शिकव म्हटलं. त्याला ती थट्टा वाटली. "मोटरसाइकिल कोई सिखाता है, साहब?" पण दुसऱ्या रविवारी आला. वसाहतीच्या मैदानाकडंच्या रस्त्यावर मी खडूनं चाळीस फुटांचा पट्टा आखला, एक वीत रुंद. नियम शाळेचेच: पाय टेकला की बाद, शेवटी पोचेल तो पहिला. लाल गाडी विकली नाही, पुन्हा यामाहाकडंही वळलो नाही. मैदानावर वसाहतीतली पोरं बघायला जमतात आणि मी पाय टेकला की टाळ्या वाजवतात, ते मी चालवून घेतो. बायको गॅलरीतून मोबाईलवर वेळ लावते.

गेल्या रविवारी चाळीस फुटांना माझी वेळ १४ सेकंद आली. सरदाराची २६, आणि त्याचे रिकामे डबे सारा वेळ वाजत होते.