अंगावरून जातंय? घरच्या घरी उपचार, नवशिक्यांसाठी

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटामुळे सगळे मोठ्यानं बोलतात. ‘पांढरं जातंय’ हे मात्र जाऊबाईंच्या कानातच सांगावं. त्या तपासत नाहीत, ही त्यांची मुख्य पात्रता.

मग काष्ठौषधींच्या दुकानातून तुरटी आणि माजूफळ आणावं. ‘कशाला?’ असं विचारलं तर ‘हिरड्यांना’ म्हणावं. माजूफळ हे फळ नव्हे. ओकच्या झाडावर कीटकामुळे आलेली ती गाठ. तिच्यात टॅनिन भरपूर, म्हणून कातडं आकसतं. आकसलं की बरं झालं, आग झाली की औषध लागू पडलं, असं धरून चालावं.

तुरटीच्या पाण्यानं रोज आतून धुवावं. आत लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्ल तयार करून (पीएच साधारण 3.8 ते 4.5) जंतूंना थोपवतात. त्यांना आधी हाकलावं, नाहीतर आपल्या उपचाराला काम कुठून मिळणार?

पुरावा मागितला तर कडुनिंब पुढे करावा. परीक्षानळीत तो बुरशीला आवरतो, हे खरंच. डॉ. जी. पी. तलवार यांच्या गटानं त्याच्या शुद्ध अर्कापासून ‘प्रानीम’ हे औषध बनवलं. पुण्यात त्याच्या सुरक्षिततेची चाचणीही झाली. शुद्ध अर्क आणि मोजलेली मात्रा या दोन गोष्टी गाळून परसातला पाला उकळावा.

निदान करू नये, नाहीतर फरक कळेल: दह्यासारखं आणि खाज म्हणजे बुरशी, माशासारखा वास म्हणजे जिवाणूंचा बिघाड, हिरवट-पिवळं फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास. त्यात नवऱ्यालाही गोळ्या, म्हणजे नवऱ्याला सांगणं आलं. त्यापेक्षा पाळीच्या मध्यावर येणारं पारदर्शक, बिनवासाचं पाणी निवडावं. तो रोगच नाही, ते दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतं. घरगुती औषधांची निम्मी कीर्ती याच पाण्यावर उभी असावी, असा माझा संशय आहे. तांदळाचं धुवण यासाठी उत्तम. निदान ते पोटातच जातं.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: 92 टक्क्यांना स्त्रीरोग, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. या 8 टक्क्यांच्या संगतीपासून जपावं.

शेवटची सूचना. मोठ्या सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ अशी पाटी असते. तिथे तपासून या तक्रारीसाठी हिरव्या रंगाचं औषधांचं किट फुकट देतात. पाटी नीट वाचून ठेवावी, चुकून आत शिरायला नको.