नायगावचा मोर आणि अकराचे ऊन

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य १९९४ साली मोरांसाठी घोषित झाले असले, तरी मे महिन्यातील रविवारी ते प्रामुख्याने हौशी छायाचित्रकारांचे वसतिस्थान भासते. ही जमात पोहे, चहा आणि एकमेकांची वाट पाहणे उरकून अकराच्या सुमारास अवतरते, तोवर पहाटे पाणवठ्यावर, म्हणजे वन्यजीवांच्या पाणी पिण्याच्या जागी, येऊन गेलेला मोर जाळीत सावली धरून बसलेला असतो. मग मोबाइलचा डिजिटल झूम कामाला लागतो. हा झूम दूरचे काहीही जवळ आणत नाही, टिपलेल्या चित्राचाच तुकडा ताणून मोठा करतो, त्यामुळे निळ्या ठिपक्याचा अधिक मोठा निळा ठिपका हाती येतो आणि त्याखाली ‘राष्ट्रीय पक्षी, नैसर्गिक अधिवासात’ अशी ओळ पडते. पिसारा फुलवण्याची विनंती शिट्ट्यांनी केली जाते; वस्तुतः मोर तो विणीच्या हंगामात लांडोरीसाठी फुलवतो, शिट्टीसाठी नव्हे. याच तालुक्यातल्या, धबधब्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या सौताड्याला तर उन्हाळ्यात धबधबाच नसल्याने विंचरणा नदीच्या कोरड्या कड्यापुढे स्वतःचेच छायाचित्र काढले जाते, आणि पोर्ट्रेट मोड, म्हणजे चेहरा ठळक ठेवून मागचे सारे धूसर करणारी सोय, उरलासुरला निसर्गही पुसून टाकते.