आमचे येथे फाँटकृपेकरून

पुतणीच्या लग्नाची पत्रिका डीटीपीवाल्याने कोरलमध्ये केली आणि भाऊने ती फाइल जशीच्या तशी अख्ख्या गोतावळ्याला मेल केली. कोरलड्रॉ १९८९ सालचं, पण आमच्या खानदानात अजून कुणाच्या घरी पोचलेलं नाही. नागपूरहून मामांचा फोन आला, "अरे, आमंत्रण उघडतच नाही. बोलवायचं नसेल तर तसं सांगा."

मग मजकूर वर्डमध्ये ओतून पाठवला. तो उघडला, हे जास्त वाईट झालं. जुन्या मराठी फाँटांत 'क' हा आतून 'क' नसतोच. रोमन लिपीतल्या कुठल्यातरी खुणेच्या जागी त्याला बसवलेलं असतं. समोरच्याकडे तो फाँट नसला की मूळची खूण बाहेर येते. त्यामुळे श्री गजाननाच्या जागी डोक्यावर दोन टिंबं घेतलेला यू, कुलस्वामिनीच्या जागी उलटं प्रश्नचिन्ह आणि नवऱ्या मुलाच्या नावात मधोमध पौंडाची खूण. आत्याने हळूच विचारलं, "स्थळ लंडनचं आहे, हे आधी बोलला नाहीत ते?"

अशा वेळी पीडीएफ. अडोबीने १९९३ साली काढली, २००८ मध्ये तिला आयएसओची मान्यता मिळाली. बाई स्वतःचा फाँट पोटात घेऊन जाते; समोर कुठलंही यंत्र असो, वेलांटी जागची हलत नाही. पण जिच्यात कुणाला ढवळाढवळ करता येत नाही, ती आमच्याकडे पत्रिकाच नव्हे! "फार सुरेख," काकू म्हणाल्या, "फक्त आमचं नाव जाऊबाईंच्या वर घ्या. ओपन फाइल द्या, आमचा बंटी करेल."

बंटीने पीडीएफमधला मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवला. पुन्हा पौंड! पीडीएफने रूप सांभाळलं होतं, पोटात खुणा त्याच जुन्या.

शेवटी डीटीपीवाला वैतागला. "साहेब, सगळं कर्व्ह करून जेपीजी दिलंय. आता अक्षरं नाहीतच, नुसती चित्रं आहेत. ब्रह्मदेव आला तरी काना बदलणार नाही."

काकांनी जेपीजीची प्रिंट काढली, जाऊबाईंच्या नावावर लाल पेनाने काकूंचं नाव घातलं, मोबाइलवर फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. सध्या तीच पत्रिका फिरते आहे. सगळ्यांकडे उघडते.