दार लावून घ्या

दिवाळीच्या सुट्ट्या कितीही पुरवून वापरल्या तरी दोन दिवस कामाचे उरलेच. शेवटी लॅपटॉप बगलेत मारला, पुण्याहून निघालो आणि घोडेगावला वळून मावशीकडे, शनिशिंगणापूरला दाखल झालो. तिथून काम करायला कंपनीची ना नव्हती. अट एकच: गोपनीय बैठकीला बसताना खोलीचं दार बंद हवं.

आता नेवासा तालुक्यातल्या या गावाची ख्याती आमच्या सुरक्षा विभागाला कुणी सांगायची? चोरी करणाऱ्याला इथे शनिदेव बघून घेतात, म्हणून घरांना दारंच नसायची. मावशीच्या घराला अजूनही नुसती चौकट आहे. रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून एक फळी आडवी लागते, तेवढाच फायरवॉल. न्हाणीलासुद्धा पडदा.

पहिल्याच बैठकीत साहेब म्हणाले, "मागे कोण फिरतंय? दार लावून घ्या." मागे मावशी चकलीचा सोऱ्या शोधत होती. मी म्हटलं, "सर, दार नाही." साहेबांना वाटलं, नेटवर्क तुटतंय.

ओटीपीची तऱ्हा आणखी वेगळी. फोनला रेंज फक्त गोठ्याजवळ. म्हणून फोन गोठ्यात, लॅपटॉप ओसरीवर आणि मध्ये मावसभावाचा धाकटा. ओटीपी आला की तो तिथूनच ओरडायचा, "काका, आठ... शून्य... तीन!" तिसऱ्या वेळी समोरच्या आजोबांनी मलाच विचारलं, "आज कितीचा आला?"

पाणी प्यायला उठलो तरी मी स्क्रीन लॉक करायचो. मावशीनं दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा राहवेना. "काय रं, आमच्यावर इस्वास न्हाई व्हय?" आता हिला ऑडिट कसं समजवायचं? मी उठून गाडीत जाऊन बसलो, काचा वर केल्या, दारं लॉक केली. बिनकुलपाच्या गावात कुलपात असलेला मी एकटाच. पोरं काचेला नाकं लावून बघत होती.

बँकेला हे बरं जमलं होतं. युको बँकेनं 2011 साली इथे शाखा काढली, ती बिनकुलपाची शाखा म्हणून गाजली. काचेचं दार, आणि त्याला सहज न दिसणारं, लांबून चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप. देवाचाही मान राहिला, नियमाचाही. सायबर सुरक्षेवरची आमची सगळी व्याख्यानं मी या एका कुलपावरून ओवाळून टाकीन.

पण चोरही शिकतातच. देवस्थानाच्या नावानं बनावट अ‍ॅप काढून भाविकांकडून ऑनलाइन पूजेचे पैसे उकळल्याचं प्रकरण 2025 मध्ये थेट विधानसभेत पोचलं. मावशीचं त्यावरचं निदान आमच्या कुठल्याही तज्ज्ञाला सुचलं नसतं. "गावात आला असता तर आंधळा झाला असता मेला. मोबाईलातून आला, त्याला शीव वलांडावीच लागली न्हाई."

मी तिला म्हटलं, साडेसाती लागायची तेव्हा लागेल, पण पैसे गेले की लगेच 1930 ला फोन करायचा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येते. तिनं तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला, वायफायच्या पासवर्डच्या खाली. पासवर्ड आळीला पाठ आहे.

त्याच संध्याकाळी ईमेल आली: दिवाळीचं भेटकार्ड, मुदत आज रात्रीपर्यंत. उजव्या हातात करंजी होती. डाव्या हातानं टिचकी मारली. ती आमच्याच सुरक्षा विभागानं घेतलेली परीक्षा निघाली. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात कंपनीच्या नावातलं एक अक्षर जास्तीचं होतं, आणि पत्ता नीट वाचा हे धडे नव्या पोरांना मीच देतो. शिक्षा: 40 मिनिटांचं प्रशिक्षण. बंद खोलीत.

पुन्हा गाडीत बसलो. विसाव्या मिनिटाला काचेवर टकटक झाली. मावशी चकल्यांची ताटली घेऊन उभी. मी काच चार बोटं खाली केली. ताटली काही मावेना, म्हणून तिनं एकेक चकली आत सरकवली.